तीन-चतुर्थांशाचा ऋतू

आला परत तो वास. इचिकावाच्या कॉलेजातला तास आटपून घरी येत होते, एका हातात पेपरांची पिशवी, दुसऱ्या हातात कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, घेतलेलं दूध, आणि वसाहतीच्या फाटकाशी पोचते न पोचते तोच नाकात शिरला. किनमोकुसेई. फुलं एवढुशी, प्राजक्ताच्या देठाच्या रंगाची, पानांच्या बगलेत दडून बसलेली. झाड दिसायच्या आधी वास गाठतो. थोडे दिवस सगळा परिसर गोडमिट्ट होऊन जातो, मग एखादी सर येते आणि खाली नारिंगी सडा. इथल्या वयस्कर बायका हसून सांगतात की पूर्वी संडासात ठेवायच्या सुगंधी वड्यांना हाच वास असायचा, त्यामुळे त्यांना काही त्याचं कौतुक नाही. मला मात्र या वासानं दरवर्षी तेच होतं. पिशवी खाली ठेवावी, फाटकाच्या कट्ट्यावर टेकावं, आणि उठूच नये.

या वासात माझ्यासाठी एकच ऋतू आहे. ज्या शरद ऋतूत बाबा आमच्याकडे होते, तो.

मी काय करते ते सांगायला हवं, कारण नातेवाइकांना ते अजून नीट कळलेलं नाही. मी सातारची, राहते तोक्योच्या हिगाशी-कसाईत, आणि जपानी मुलांना अमेरिकेच्या शासनसंस्थांचा इतिहास शिकवते. "अगं, या तिन्हींत तुझं घर कुठलं?" असं माझी मावशी दर फोनला विचारते. नवरा निखिल आयटीतला, त्याच्या नोकरीपायी इकडे आलो. मी इथेच डॉक्टरेट केली, आणि तेव्हापासून दोन कॉलेजांत तासांवर शिकवते. कायम नोकरी नाही, दर वर्षी नवं पत्र. मुलं गोड आहेत, पण झोपाळू. सिनेट म्हणताच पहिल्या बाकापासून माना कलायला लागतात. खोटं कशाला सांगू, हल्ली माझीसुद्धा कलते.

बाबा साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. नागरिकशास्त्र म्हणजे ज्या तासाला मुलं भूगोलाचे नकाशे रंगवतात तो विषय. बाबांना ते पक्कं माहीत होतं आणि तरीही ते प्रत्येक वर्षी राष्ट्रपतींचे अधिकार असे शिकवायचे की जणू वर्गातला एखादा तरी राष्ट्रपती होणारच आहे. आई गेल्यावर ते पुण्याला दादाकडे राहायला गेले. दादा-वहिनी दिवसभर ऑफिसात, बिल्डिंगला दोन चकचकीत लिफ्ट, आणि बाबा तेराव्या मजल्यावर टीव्हीसमोर. फोनवर म्हणायचे, "सगळं छान आहे गं. बोलायला कोणी नाही एवढंच." मग मी आणि निखिलनं हातपाय मारले, अर्ज-विनंत्या केल्या, आणि मोठ्या मिनतवाऱ्यांनी त्यांना माझ्याकडे राहायची खास परवानगी मिळाली. एकदा देश सोडून गेले की पुन्हा मिळणं कठीण, हे अधिकाऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं.

आमची वसाहत जुनी. एकसारख्या पाचमजली इमारती ओळीनं उभ्या, लिफ्ट एकीलाही नाही. ज्या काळी बांधल्या त्या काळी इथे राहायला आलेली सगळी जोडपी तरुण होती, जिने चढायचं कोणाला काय कौतुक? आता तीच माणसं कठड्याला धरून धरून चढतात आणि प्रत्येक वळणावर उभी राहून लांबचं बघितल्यासारखं करतात. आमचं घर तेव्हा चौथ्या मजल्यावर होतं. म्हणजे इथल्या मोजणीनं चौथ्या. इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात. बाबांना ते अजिबात मान्य नव्हतं.

"तिसरा मजला आहे हा. जमिनीला मजला कसं म्हणायचं?"

"बाबा, चौथा म्हणा नाहीतर तिसरा म्हणा, जिने तेवढेच आहेत."

"तेवढे असू देत. पण चूक ती चूक."

आले तेव्हा गुडघे कुरकुरत होते, पण चालत होते. उन्हाळ्यात एकदा जिन्याच्या वळणावर पाय सटकला. मोडलं-बिडलं काही नाही, पण डॉक्टरांनी जिने बंद म्हणून सांगितलं. झालं. त्या दिवसापासून बाबांचं जग म्हणजे आमच्या दोन खोल्या आणि जिन्याकडची स्वयंपाकघराची खिडकी. तिच्याशी खुर्ची टाकून बसायचे. खाली कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीखाली कोण कुठल्या दिवशी काय ठेवतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि ऑक्टोबर लागला तसा एका सकाळी खिडकीतून तो वास वर आला. बाबांनी डोळे मिटले.

"हे कसलं गं फूल?"

"किनमोकुसेई. खाली झाड आहे, दाराशी."

"मला दिसत नाही इथून."

"छज्जा आड येतो ना बाबा."

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले. मला त्या 'बरं'चा आजही राग येतो. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, तेच तर.

त्या ऋतूत मी तासाची तयारी बाबांसमोर करायचे. पोळ्या लाटता लाटता बोलायचे, ते ऐकायचे आणि मध्ये मध्ये अडवायचे. अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तो फिलाडेल्फियाचा उन्हाळा मी त्यांना सांगितला. बाहेर बातमी फुटू नये म्हणून खिडक्या बंद करून, जाडजूड कोट घालून, घामाघूम होत भांडणारे प्रतिनिधी. मोठी राज्यं म्हणत होती, माणसं मोजा. छोटी म्हणत होती, राज्यं मोजा, नाहीतर आम्ही चाललो घरी. शेवटी थकून दोन सभागृहं केली, एकात माणसं मोजायची, दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, राज्यं. पोरं ते वाचून म्हणतात केवढं शहाणपण! मला त्यात शहाणपण कमी आणि थकवा जास्त दिसतो. आणि त्यांनी पुढे लिहून ठेवलं की कुठल्याही राज्याची सिनेटमधली समान जागा त्या राज्याच्या संमतीवाचून काढता येणार नाही. म्हणजे ज्याच्या हातात किल्ली, त्यालाच विचारायचं, कुलूप काढू का?

"पण काय गं, सगळे धडधाकट होते का ते?" बाबांनी विचारलं.

"एक फार म्हातारे होते. त्यांना चालवायचं नाही. पालखीसारख्या खुर्चीत बसवून माणसं खांद्यावरून सभेला आणायची म्हणे."

बाबा एकदम खूश झाले. "बघ! मला पण आणा तसली खुर्ची."

आणि नेमका त्याच सुमारास वसाहतीत लिफ्टचा विषय निघाला. प्रत्येक जिन्याला बाहेरून चिकटवायचा लिफ्टचा मनोरा. आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष ओनोसान, स्वतः पाचव्या मजल्यावर राहणारे, सत्तरीतले, मितभाषी. त्यांनी नियम समजावला तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला. इमारतीत एवढा बदल करायचा तर तीन-चतुर्थांश संमती लागते. तीही दोनदा मोजायची. एकदा मालकांची डोकी, आणि एकदा ज्याची जेवढी जागा तेवढं त्याचं वजन. दोन्हीकडे तीन-चतुर्थांश झाले तरच पास. आणि जो सभेला येणार नाही, कळवणारही नाही, तो विरोधात धरायचा.

मी वर जाऊन बाबांना सांगितलं तर म्हातारा खुर्चीत उडालाच. "अगं, ही तर तुझी दोन सभागृहं! आणि घटनादुरुस्तीलाही तिकडे तीन-चतुर्थांश राज्यंच लागतात ना? काय योगायोग! हिगाशी-कसाईत फिलाडेल्फिया!" किती दिवसांनी त्यांना असं हसताना बघत होते मी. मग लगेच गंभीर झाले. "म्हणजे कठीण आहे. तळमजल्यावाल्यांना लिफ्ट कशाला हवी?"

"हो ना."

"पण मुद्दा नीट मांडला तर माणसं ऐकतात. सभेत मांडायचा. सगळ्यांसमोर. तू मांड."

तो आठवडा बाबा पुन्हा मास्तर झाले. सकाळी उठल्यापासून मुद्दे. आज तरुण आहात, उद्या तुम्हीही म्हातारे होणार. तळमजल्यावाल्याचं घरही वरच्यांमुळेच उभं आहे. मी ते जपानीत बसवायचे, त्यांना उलटं मराठीत ऐकवायचे, ते म्हणायचे, "अंहं, इथे जरा थांब. इथे लोकांना विचार करू दे." निखिल ऑफिसातून यायचा तो आमचं नाटक बघून कपाळाला हात लावायचा. मला मनातून फार धाकधूक होती. लिफ्ट म्हणजे फक्त लिफ्ट नव्हती. लिफ्ट होणार म्हणून ठरलं असतं तर बाबांनी त्या आशेवर एक-दोन वर्षं खिडकीत काढली असती. नाही ठरलं तर ते जाणार, हे ते बोलले नव्हते, पण मी त्यांची मुलगी आहे.

सभा वसाहतीच्या छोट्या हॉलमध्ये झाली. घडीच्या खुर्च्या, प्रत्येकापुढे बाटलीतला चहा. ओनोसाननी प्रस्ताव वाचला आणि विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. मी उठले. बाबांनी सांगितलं होतं तिथे तिथे थांबले. फिलाडेल्फियाची खुर्चीसुद्धा सांगितली. लोक माना डोलवत होते, एक आजोबा तर टिपून घेत होते. माझ्या समोरच तळमजल्यावरच्या मोरितासान बसल्या होत्या, आमच्याच जिन्यातल्या, एकट्या राहणाऱ्या. रोज भेटतात, हसतात, कमरेत वाकतात. त्या मात्र पूर्ण वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. माझं झाल्यावर ओनोसान म्हणाले, "फार शिकायला मिळालं." टाळ्यासुद्धा वाजल्या. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. डोक्यांत थोडक्यासाठी हुकलं, वजनातही हुकलं. विरोधात हात असे फार वर झालेच नाहीत. जे आले नव्हते त्यांनी हरवलं, आणि जे आले होते पण दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवून बसले, त्यांनी.

दोन दिवसांनी प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी जाळीपाशी ओनोसान भेटले. घुटमळले. मग खाली बघत, शिक्षकांना मारतात ती हाक मारून म्हणाले, "सेन्सेई, तुम्ही सभेआधी कोणाकडे गेला होतात का?"

"कोणाकडे म्हणजे?"

"घरोघरी. काहीतरी छोटंसं घेऊन. बसायचं, त्यांचं ऐकायचं. सभा तर नुसती शेवटी शिक्का मारायला असते. मला वाटलं, तुम्ही तुमच्या जिन्यात जाऊन आला असाल."

आमच्याकडे सभेआधी दारोदार फिरणारा माणूस म्हणजे मतं फोडणारा, कारस्थानी. सरळ माणूस सभेत उभा राहून तोंडावर बोलतो आणि मग घरी जाऊन चहा पितो. बाबा असे सरळ, म्हणून मी अशी सरळ. आणि इथे सरळपणाचा अर्थ असा, की सगळ्यांसमोर माणसाला हो-नाही म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही. एवढी वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. निखिलच्या ऑफिसात सगळं असंच चालतं, तो रोज कुरकुरतो. पण ते ऑफिसात, हे आपल्या दारात, ही सांगड घालायचं दोघांनाही सुचलं नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तिकडेही तसंच झालं असणार. भांडण दिवसा, आणि तोड संध्याकाळी खाणावळीत. आपण पुस्तकात फक्त दिवसाचं वाचतो."

मग खिडकीकडे बघून म्हणाले, "मी जातो गं."

"बाबा, पुढच्या वर्षी परत मांडू. मी जाईन सगळ्यांकडे."

"जा. अवश्य जा. पण मला आता बाहेर पडायचंय. पुण्याला निदान खाली बाकावर तरी बसता येईल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "इथे बोलायला तू होतीस, हे फार झालं."

मी भांडले, रडले, काही उपयोग झाला नाही. डिसेंबरात दादा न्यायला आला. निखिल आणि दादानं बाबांना स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसवून जिन्यानं खाली आणलं. वळणावर ओनोसान येऊन मागून आधार देत होते. बाबा हसत होते, "आणलीत बघा तुम्ही पालखी." खाली दाराशी खुर्ची टेकवली तेव्हा दादाला धाप लागली होती, म्हणून जरा थांबलो. बाबांनी शेजारच्या हिरव्या झाडाकडे बघितलं. फुलं कधीच झडून गेली होती.

"हे कसलं झाड?"

"तेच बाबा. तुमच्या वासाचं."

"हे होय," म्हणाले. हात लांब करून एक पान चुरगळलं, नाकाशी नेलं. पानाला काही वास नसतो. टॅक्सीत बसेपर्यंत ते पान त्यांच्या हातात होतं.

पुढे मोरितासान वृद्धाश्रमात जायला निघाल्या आणि त्यांचं घर विकायला निघालं. आम्ही वरचं विकून ते घेतलं. कारण उघड होतं. तळमजला, एकही जिना नाही, बाबा येऊ शकतील. किल्ली देताना मोरितासाननी मला स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेलं. बाहेर हाताला लागेल इतकं जवळ ते झाड. "इथे राहायला आलो त्या वर्षी माझ्या नवऱ्यानं लावलं," म्हणाल्या. लिफ्टचा मनोरा बरोब्बर त्याच जागी येणार होता. "एका झाडासाठी मी तुमच्या वडिलांना अडवते आहे, असं सगळ्यांसमोर म्हणायची फार लाज वाटली. आणि हो म्हणून हात वर करणंही जमेना." मग दोन्ही हात पुढे घेऊन इतक्या खाली वाकल्या की मला त्यांना धरून उभं करावं लागलं. कोणी दारात येऊन विचारलं असतं तर त्या बोलल्या असत्या का? हो, म्हणाल्या. झाड दुसरीकडे हलवता येईल का, एवढंच विचारलं असतं.

बाबांची परवानगी पुन्हा काही मिळाली नाही. नंतर त्यांचा प्रवास करण्याचा काळही गेला. खालचं घर आलं, बाबा आले नाहीत.

तासाला मी शिकवते. सिनेटनं एकदा आपल्या नियमांची साफसफाई करताना चर्चा थांबवायचा एक नियम निरुपयोगी समजून काढून टाकला, आणि पुढे कधीतरी कोणाच्या तरी लक्षात आलं की आता आपण न थांबता बोलत राहून काहीही अडवू शकतो. मी सुधारणाही शिकवते. न्यायाधीशांना तहहयात न ठेवता ठरावीक मुदत द्या. राष्ट्राध्यक्ष थेट मतमोजणीनं निवडा. पूर्वी सिनेटरसुद्धा राज्यांची विधिमंडळं निवडायची, लोक नव्हे. ते बदललं, कारण एकेका राज्यानं आधी आपापल्या घरात बदल करायला सुरुवात केली आणि दुरुस्ती शेवटी शिक्का मारायला आली. हे वाक्य पूर्वी मी किती कोरडेपणानं म्हणायचे. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी जागी नसते, ती म्हणाली, "सेन्सेई, सगळ्यांना कळतंय काय चुकलंय, तर मग बदलत का नाहीत?" मी म्हटलं, कारण बदल ज्याला नकोय त्याच्याच संमतीनं करावा लागतो. तिनं मान डोलवली आणि परत झोपली.

आता इथला कायदा बदललाय. सभेला न आलेल्यांना विरोधात धरायचं नाही, आले-कळवलं त्यांच्यातूनच मोजायचं. म्हणून लिफ्टचा प्रस्ताव पुन्हा आलाय. मनोऱ्याची जागा तीच. काल संध्याकाळी ओनोसान दारात उभे होते, हातात तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा. आता त्यांच्याही हातात काठी आहे. मी त्यांना बसवलं, चहा दिला. ते झाडाकडे बघत राहिले, मी झाडाकडे बघत राहिले. वास घरभर दाटला होता. या झाडाखाली बाबा शेवटचे थांबले होते. त्यांचं इथलं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही. आणि लिफ्ट आता मला कशाला हवी? मी तळमजल्यावर राहते. मी छोटं राज्य आहे, किल्ली माझ्या हातात आहे.

"जरा विचार करून सांगते," मी म्हटलं. इथे याचा अर्थ 'नाही' असाच घेतात, आणि ते माझ्याच तोंडून ऐकून मला कसंसंच झालं.

आज सकाळी पुण्याला फोन लावला. बाबा पडद्यावर दिसले, अगदी एवढेसे झालेत. कधी सगळं आठवतं, कधी नाही. म्हटलं, "बाबा, लिफ्टचं परत निघालंय. या वेळी होईल असं वाटतंय."

त्यांचा चेहरा उजळला. "होणार? अरे वा! तीन-चतुर्थांश झाले?"

"होतील बहुतेक."

"मग मी येतो की! दादाला सांग तिकीट काढायला. तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट म्हणजे काय, मजाच! खिडकीतली खुर्ची आहे ना माझी?"

मी आता खाली राहते, तिथे यायला लिफ्ट लागत नाही, हे त्यांना तीनतीनदा सांगून झालंय. परत नाही सांगितलं. म्हटलं, "आहे बाबा. या तुम्ही."

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडून घेतलं. मग दिवाळीसाठी तळून ठेवलेल्या चकल्या डब्यात भरल्या, पायात चपला सरकवल्या. आधी ओनोसानकडे जाऊन हो म्हणून आले. एवढंच म्हटलं, झाड उपटून टाकू नका, मागच्या बागेत हलवून बघू या. जगलं तर जगलं. त्यांनी विचारलं, बाकीच्यांकडे कोण जाणार? मी जाते म्हटलं.

आमच्या जिन्यात शिरले आणि सुरुवात तिसऱ्या मजल्यापासून केली. इथले लोक त्याला चौथा म्हणतात.